जोंगाचा कॅम आणि माझी सही

९ ऑगस्ट २०२५, शनिवार. वडगाव रासाई

राखीची गाठ अजून नीट बसलीही नव्हती आणि दादा म्हणाला, "मोने, जोंगा तुला. दिवाळी झाली की शिरूरला येऊन तेवढी एक सही कर."

एक सही! मीठ वाढ म्हणावं तसं म्हणाला. सही म्हणजे हक्कसोड. आप्पा गेल्यावर नदीकाठच्या जमिनीला आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. आता आईनं आणि मी आपापलं नाव सोडायचं, सगळं इंद्रजीत सर्जेराव यांच्या, म्हणजे दादाच्या नावावर. आमच्याकडं सही करणाऱ्या बहिणीला साडी देतात आणि शिरूरला हॉटेलात जेवण. मला जोंगा मिळणार, म्हणजे माझा भाव वधारला म्हणायचा!

आई शेजारीच बसली होती. सही तिलाही करायचीय. तिला कुणी विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. आई कधीच बोलत नाही.

मी "बघू" म्हटलं. खरं सांगायचं तर मनात हो म्हटलं. जमीन दादाच कसतो. मला कारखान्यात नोकरी आहे, शिक्रापुरात खोली आहे. पण जोंगा! आप्पांनी नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप, सहा सिलिंडरची, पेट्रोलची. मी गाडी शिकले ती तिच्यावर. चार वर्षं गोठ्याकडेला उभी आहे, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात. मला ती हवी आहे. फार हवी आहे. आणि नेमकं हे दादाला ठाऊक आहे, म्हणूनच संताप येतोय.

१७ ऑगस्ट, रविवार

इंजिन उतरवून पिकअपनं दौंडला नेलं, रिजवानच्या गॅरेजवर. त्याचे वडील सुभानचाचा आप्पांचे मिस्त्री. चाचा आता दारात खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देतात. काम रिजवान बघतो.

ब्लॉक चांगला. क्रँक चांगली. कॅमशाफ्ट मात्र गेलेला. तरीच शेवटी शेवटी ती चढावर धापा टाकायची आणि आप्पा म्हणायचे पेट्रोलात भेसळ आहे!

रिजवान हात पुसत म्हणाला, "दादांना फोन लावतो. कंचा कॅम टाकायचा ते इचारतो."

"दादांना कशाला? गाडी माझी आहे."

"तसं न्हाई ताई. पर दादांचा फोन येऊन गेला सकाळीच. रेसचा टाक म्हणले."

सकाळीच! मी इंजिन काढायच्या आधी! दिवसभर कारखान्यात मीच ग्राइंडिंग झालेले शाफ्ट तपासते. मी रिजेक्टचा शिक्का मारला तर अख्खा लॉट परत जातो. आणि माझ्या स्वतःच्या गाडीत काय घालायचं ते दादा ठरवणार!

२१ ऑगस्ट

कोइम्बतूरचा एकजण जुन्या इंजिनांसाठी हवे तसे कॅम बनवून देतो. त्याला मेसेज केले. दिवसभरात चार वेळा मला 'सर' म्हणाला. मी लिहिलं, मी मॅडम आहे. उत्तर आलं, ओके सर.

२४ ऑगस्ट, रविवार

दादाशी फोनवर भांडण. आधी शांतपणे समजावलं. कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा, त्याच्यावर उंचवटे असतात. एकेक उंचवटा एकेक व्हॉल्व्ह उघडतो. किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, ते त्या उंचवट्याच्या आकारावर. रेसच्या कॅमनं व्हॉल्व्ह फार वेळ उघडा राहतो. इंजिन जोरात पळत असेल तर उत्तम. हळू चालताना मात्र सिलिंडरात आलेलं अर्धं परत जातं, ताकद राहत नाही, गाडी उभ्या उभ्या गचके खाते. आपली जोंगा जड, कॉम्प्रेशन मुळातच कमी. तिला तो कॅम म्हणजे म्हशीला शर्यतीत उतरवणं.

दादा म्हणाला, "ते गचकेच पायजेत! गडाड् गडाड् आवाज येतो ना, त्योच. पोरं व्हिडिओ बघत्यात त्या आवाजाचे."

"कुठली पोरं?"

मग निघालं बाहेर. दादाला पंचायत समितीला उभं राहायचंय. फॉर्म भरायला जोंगातून जाणार. वर टप नाही, उभा राहून हात जोडणार, खालून इंजिन गडगडणार. सगळं ठरलंय. तात्यांनी ठरवलंय. तात्या म्हणजे रखमाजीकाका, आप्पांचे धाकटे भाऊ. गावात पान हललं तरी आधी तात्यांना विचारून हलतं.

मी म्हटलं, गाडी मला दिलीस ना?

"तुलाच की! नाव तुझं. निवडणुकीपुरती माझ्याकडं."

फोन ठेवला. आपटलाच. स्क्रीनला चीर गेली. आता तीही माझ्याच खर्चात!

२५ ऑगस्ट

तीन कॅम समोर आहेत. जुना होता तसाच एक. एक रेसचा. आणि मधला एक. उंचवटा जुन्यापेक्षा थोडा उंच, पण वेळ बेताचाच वाढवलेला. हवा जास्त घेणार, तरी खालच्या वेगातली ओढ सोडणार नाही.

रिजवान म्हणतो, "मधला म्हंजी ना घर का ना घाट का." त्यालाही आवाजच हवाय. म्हणे गिऱ्हाईक आवाज ऐकून गॅरेजला येतं.

३१ ऑगस्ट, रविवार

ठरलं.

आज नदीकडच्या वाटेनं फिरायला गेले. पावसानं वाट खचली आहे. इथंच दर वर्षी उसाची ट्रॉली रुतायची आणि कुणीतरी पळत घरी यायचं, "आप्पा, जोंगा काढा!" आप्पा बनियनवरच निघायचे. साखळी लावायची, पहिला गिअर, आणि एक्सलेटरवर पाय जवळजवळ ठेवायचाच नाही. जोंगा आवाज न करता खाली बसायची, मग हळूहळू अख्खी ट्रॉली चिखलातून वर यायची. मी शेजारच्या सीटवर. आप्पा म्हणायचे, "ही पळायला न्हाई, वढायला हाय." ट्रॅक्टरवाले तोंडात बोटं घालायचे.

आता ट्रॉल्या दोन-दोन जोडतात. जुन्या कॅमची ओढ पुरायची नाही. मधलाच हवा. म्हणजे आप्पांची जोंगा, पण वरचढ!

कोइम्बतूरला ऑर्डर दिली. पैसे माझे, गाडी माझी, कॅम माझा. दादाला कळवलं नाही. कशाला कळवू?

१४ सप्टेंबर, रविवार

दौंड. कॅम आला! खोक्यातून काढला तर काळाभोर, तेलकट, बारा उंचवटे एकापेक्षा एक देखणे. कारखान्यात रोज शेकडो शाफ्ट बघते, पण असं कधी वाटलं नाही.

आणि लगेच रिजवानशी वाजलं. टॅपेट म्हणजे कॅमच्या डोक्यावर बसणाऱ्या वाट्या. त्या त्यानं जुन्याच धुऊन ठेवल्या होत्या. "चालतंय की ताई, तळ चांगला हाय." नाही चालत! जुनी वाटी जुन्या उंचवट्याला सरावलेली असते, नव्या कॅमला ती खाऊन टाकते. तो म्हणाला, आमच्यात असंच बसवतात. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्याकडं तीच गाडी दर वर्षी परत येते. सुभानचाचा खुर्चीतून खो खो हसले. रिजवान तासभर पाने आपटत राहिला. मग नव्या वाट्या मागवल्या.

चाचांनी जाताना विचारलं, "तुजी आई कशी हाय? सर्जेराव बोलत असला की ती दाराआड उभी ऱ्हायची. आवाज कवा ऐकलाच न्हाई तिचा."

आम्ही तरी कुठं ऐकलाय.

२८ सप्टेंबर, रविवार

इंजिन जोंगात बसलं. रिजवान दोन पोरं घेऊन वडगावला आला होता. कॅमला काळं वंगण मी माझ्या हातानं चोळलं. टायमिंग लावलं. सगळं तयार. सुरू मात्र केलं नाही. अंधार पडला होता आणि पहिली सुरुवात घाईनं करायची नसते.

दादाला समोर उभं करून सांगितलं. नवा कॅम पहिल्यांदा फिरतो तेव्हा इंजिन हळू चालू ठेवायचंच नाही. सुरू झाल्या झाल्या जोरात रेस द्यायची आणि वीस मिनिटं सोडायची नाही. कॅमला तेल मिळतं ते क्रँकच्या, म्हणजे खालच्या मोठ्या दांड्याच्या फेकण्यातून. क्रँक जोरात फिरली तरच तेल उडतं. दसऱ्याला मी येते, मी सुरू करते, तोवर हात लावायचा नाही.

"बरं बाई," म्हणाला.

तरी विश्वास नाही. बॅटरी काढून माझ्या कपाटात ठेवली. स्टिअरिंगवर कागद चिकटवला, हात लावू नये.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी



कारखान्यात मशीनपूजा होती. मशीन बंद, झेंडूच्या माळा, पेढे. पेढा तोंडात असताना फोन बघितला. दादाचं स्टेटस. जोंगाला हार! चाकांखाली लिंबं! दादा फेटा बांधून स्टिअरिंगवर, कागदावरच झेंडूची माळ घातलीय. आणि गाडी चालू!! हळू. फुकफुकफुक. आरती चाललीय. कुणीतरी म्हणतंय, "हळू ठिवा, हळू." खाली लिहिलंय, "स्वागत आहे वाघिणीचं. इंद्रजीतदादा मित्र मंडळ."

फोन केला. उचलला नाही. परत केला. तात्यांनी उचलला. "अगं, नवमीला वाहनाची पूजा करायची का न्हाई? बॅटरी ट्रॅक्टरची लावली. एका फटक्यात चालू झाली, पोरी!"

मी ओरडले, बंद करा, आत्ताच्या आत्ता बंद करा. लाइनवरची सगळी माणसं बघायला लागली.

"झालंच की, परसाद वाटायचा ऱ्हायलाय."

पेढा थुंकून टाकला.

२ ऑक्टोबर, दसरा

लोक सोनं वाटत होते, मी अंगणात भांडत होते.

दादाला काही कळलेलंच नाही. उलट माझ्यावरच फुगलाय! "रेस दिली न्हाई, पळवली न्हाई, नव्या नवरीवाणी जपली तुझ्या गाडीला. दोन आरत्या झाल्या, तात्या चार शब्द बोलले, फोटो काढले, तवर बंद सुदीक पडली न्हाई." अरे, तेच तर! तेच नको म्हणाले होते! जपून मारलीत तिला!

तात्या म्हणाले, "लोखंडाच्या तुकड्यापायी भावाला बोलतीस? उद्या लगीन झालं की जोंगा सासरी नेणार हायेस का?"

आई आपट्याची पानं घेऊन उभी. एक शब्द नाही. माझ्या बाजूनं नाही, त्यांच्या बाजूनं नाही. कधी कधी मला दादापेक्षा आईचाच राग येतो. कवठे येमाईला तिच्या भावांनी बोलावलं, हिनं जाऊन सही केली आणि हिरवी साडी घेऊन आली. आप्पा म्हणाले चल, ही चालली. आता दादा म्हणेल तिथं अंगठा टेकवेल.

जोंगा सुरू करून बघितली. टक् टक् टक्. दोन सिलिंडर नीट श्वासच घेत नाहीत. बंद केली.

५ ऑक्टोबर, रविवार

रिजवान आला, तेल काढलं. तेलात चमचम. चांदीची भुकटी मिसळल्यासारखी. त्यानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मी गोठ्यामागं जाऊन रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. फरक आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

कॅम बाहेर काढला. बारांतले चार उंचवटे गेले. दोन तर पार सपाट.

१२ ऑक्टोबर, रविवार

कॅम दादाच्या ताटापुढं टाकायचा म्हणून पोत्यात गुंडाळून घरी आणला. दादा नव्हताच. प्रचाराला गेला होता, माझा सगळा राग तसाच राहिला. कॅम चुलीपाशी आदळला.

आई भाकरी थापत होती. हात धुतले, पदराला पुसले, कॅम मांडीवर घेतला. जड आहे, तरी घेतला. एकेका उंचवट्यावरनं अंगठा फिरवत गेली.

"ह्यो उंच हाय. ह्योबी. आन् ह्यो का सपाट?"

सांगितलं. पहिल्यांदा सुरू होताना जोरात चालवायचा असतो, हळू ठेवला तर तेल पोचत नाही, मग स्वतःलाच खातो. घरातल्या सगळ्यांना सांगून झालंय हे, असंही म्हटलं. तिरसटपणेच म्हटलं.

"हळू ठिवा म्हणणारी मीच," आई म्हणाली. "आरती ऐकू येईना मला."

व्हिडिओतला तो आवाज तिचा होता! मला तो ओळखूही आला नव्हता.

आईनं परत सपाट उंचवट्यावर अंगठा ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी पयल्यांदाच वरडू द्यायचं व्हतं व्हय."

"हो."

"आन् आता ह्यो परत उंच व्हईल का?"

"नाही होत. नवाच लागतो."

एवढंच. उठली, कॅम दारामागं टिकावाशेजारी उभा केला आणि तव्यावरची भाकरी उलटली. ना माफी, ना काही. मी जेवले नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळलं. दात आवळून ओवाळलं.

दादानं ताटात साडी टाकली. हिरवी! वर म्हणाला, "सोमवारी शिरूरला जायचंय. तात्यांनी नंबर लावलाय. सही झाली की नवा कॅम मी घेऊन देतो. पर ह्या वक्ताला आवाजाचाच!"

म्हणजे जोंगा मिळणार, पण फिरवणार तो. कॅम मिळणार, पण निवडणार तो. आणि जमीन तर त्याचीच, ती कधी माझी होती हेही मी विसरत चाललेय.

मी विचारलं, नाही केली सही तर?

तात्या म्हणाले, "मंग म्हायेर तुटलं असं समज."

आईनं साडी उचलून घडी केली आणि माझ्या पिशवीत ठेवली. मी पिशवीतून काढून खाटेवर टाकली. तिनं परत उचलून पिशवीत घातली.

२६ ऑक्टोबर, रविवार

करते सही. थकले. कारखान्यातून येऊन फोनवर भांडायचं, रविवारी येऊन तोंडावर भांडायचं. कुणासाठी? जमीन नको, साडी नको, जोंगाही नको. कोंबड्या बसू देत तिच्यात. उद्या शिरूरला जाते, लिहून देते आणि सुटते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

रजिस्ट्रारच्या टेबलावर आधी आईचं नाव पुकारलं. साहेबांनी नेहमीचं विचारलं, "स्वखुशीनं सोडताय ना हक्क? कुणाची जबरदस्ती नाही ना?" दादाच म्हणाला, "खुशीनंच, साहेब." मशीन पुढं सरकवलं. आईनं अंगठा टेकवायला हात पुढं केला आणि तसाच थांबवला. "न्हाई," म्हणाली. साहेबांना नीट ऐकू गेलं नाही. मग ओरडली. "न्हाई म्हणले! मी न्हाई देणार आन् माझी पोरबी न्हाई देणार!" जिन्यावर बसलेली माणसं आत डोकवायला आली. आई असं ओरडू शकते हे मला एकतीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तिनं अंगठा पदराखाली घेतला. नंतर माझं नाव पुकारलं. मी उठलेच नाही.

दादा आणि तात्या गाडी घेऊन निघून गेले. आम्ही एस.टी.नं आलो. आई खिडकीपाशी. न्हावरं मागं पडलं. मग म्हणाली, "त्यो वढायचा कॅम म्हणत व्हतीस ना? त्योच आण परत."

आणते.